सड्यावरचे नऊ होल: आडिवऱ्याकडची जोडसुट्टी

अण्णांच्या गोल्फ कोर्सवर ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब फटक्याची काठी, लागत नाही. बॅगेत असला की हात शिवशिवतात, म्हणून तो घरीच ठेवून जावा. सहा नंबरपासून पुढची आयर्न, म्हणजे लोखंडी पात्याच्या काठ्या, उंच आखूड फटक्यासाठी एक सँडवेज आणि चेंडू होलमध्ये ढकलायचा पटर, एवढ्यावर सगळं भागतं. नवऱ्याच्या मामांनी हे ऐकलं नाही आणि तीन नंबरचा वुड, ही लांब फटक्याचीच दुसरी काठी, सोबत घेतला. त्या वुडचं काय झालं ते चौथ्या होलवर येईलच.

कोर्स म्हणजे राजापूर तालुक्यात, आडिवऱ्याच्या अलीकडे, एका वाडीच्या डोक्यावरचा सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार. वाडीचं नाव लिहीत नाही, कारण अण्णांची तशी अट आहे. अण्णा मुंबईतल्या एका गोल्फ क्लबात माळी म्हणून लागले आणि हेडमाळी होऊन निवृत्त झाले. गावी आले, कलमांची कामं उरकूनही दिवस उरायला लागला, तेव्हा वाटणीला आलेल्या सड्यावर त्यांनी नऊ होल आखले. सहा पार तीनचे, तीन पार चारचे, एकूण पार तीस. (पार म्हणजे होल पुरा करायला ठरवलेले फटके.) नवऱ्याचे मामा कर्नल म्हणून निवृत्त झालेत. मुंबईला पोस्टिंग असताना ते त्या क्लबात खेळायचे, तेव्हापासूनची ही ओळख. यंदा रथसप्तमी रविवारी आणि २६ जानेवारी सोमवारी आली. शुक्रवारची रजा टाकली आणि मामांनी आम्हा दोघांना उचललं.

शुक्रवार

रात्रीच्या गाडीनं पहाटे रत्नागिरी, तिथून ठरवलेली जीप. पावस, पूर्णगड, मुचकुंदीच्या खाडीवरचा पूल, गावखडीचं सुरूबन असं करत नवाच्या आत वाडीत पोचलो. काकूंनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, आधी पाय धुवायला पाणी दिलं आणि मग घावणे. पातळ, जाळीदार, सोबत ओल्या खोबऱ्याची चटणी. मामांनी किती खाल्ले ते काकूंनी मोजलं, मी नाही.

चार वाजता अण्णा म्हणाले, "काठी घेऊ नका कोणी. आज नुसतं बघायचं."

घरामागून पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढून गेलो की एकदम उघडं. काळा कातळ, मधे मधे कापून नेलेल्या गवताचे पिवळे खुंट, कडेला गवताच्या उडव्या, आणि पश्चिमेला समुद्र. आम्ही एरवी खारघरच्या सिडकोच्या कोर्सवर खेळतो. तिथली हिरवळ डोळ्यात ठेवून इथे आलं तर पहिला प्रश्न हाच पडतो की खेळायचं कुठे? अण्णांनी चुन्यानं रंगवलेले दगड दाखवले. दोन दगडांच्या मधून (हीच टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा) मारायचं, बांबूला बांधलेल्या जुन्या लुगड्याच्या फडक्याकडे जायचं. फेअरवे, म्हणजे टीपासून होलपर्यंतची कापलेली हिरवळ, असं काही नाही. जिथे माती साठलीय तिथे गवताचे खुंट, बाकी कातळ.

ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, जागी आहेत खळी. घरापुढे करतात तशीच. दिवाळीच्या सुमाराला तांबडी माती पसरायची, पाणी मारायचं, चोपण्यानं चोपून चोपून सपाट करायची आणि वर शेणानं सारवायचं. प्रत्येक खळं आठ-दहा पावलांचं. मधोमध चार इंची पीव्हीसी पाइपाचा तुकडा पुरलेला. नियमाप्रमाणे होलचा व्यास १०८ मिलीमीटर असतो. बाजारातला पाइप बाहेरून ११० चा, म्हणजे आतून नियमापेक्षा किंचित अरुंदच. मामांनी हे लगेच ओळखलं. अण्णांचं म्हणणं, "दुकानात हाच मिळतो."

नऊच होल का, हेही मामांनीच विचारलं. सेंट अँड्र्यूजला सुद्धा आधी बावीस होते, १७६४ साली त्यांचे अठरा झाले, वगैरे इतिहास सांगून. अण्णा म्हणाले, "जमीन तेवढीच हाय."

इथले स्थानिक नियम समजून घेतल्याशिवाय कोणी पहिल्या टीवर जाऊ नये. चेंडू कातळावर थांबला तर तसाच मारायचा नाही, काठीही जाते आणि मनगटही. प्रत्येकाला काथ्याच्या पायपुसण्याचा एक तुकडा मिळतो. तो चेंडूच्या जागी ठेवायचा, वर चेंडू ठेवायचा आणि मारायचं, फक्त झेंड्याच्या जवळ सरकायचं नाही. आखातातल्या वाळूच्या कोर्सवर खेळणारे कृत्रिम हिरवळीचा तुकडा असाच बरोबर नेतात, असं मामांनी सांगितलं. चेंडू शोधायला तीन मिनिटं, २०१९ पासून जगभर आहेत तेवढीच. पण शोधायचा काठीनं. कातळाच्या भेगेत आणि करवंदीच्या जाळीत हात घालायचा नाही, कारण या भागात फुरसं भरपूर. वीतभर-हातभर लांबीचा साप, रंग कातळाचा आणि विष जबर. अण्णांचा नातू चेंडू काढायला लांब बांबूच्या टोकाला चहाची गाळणी बांधून हिंडतो. एका चेंडूसाठी एवढं कशाला, असं मनात आलं तरी बोलू नये. तो या कामाबद्दल फार गंभीर आहे.

रात्री कुळथाचं पिठलं, भाकरी, आणि भाजलेला बांगडा. पडवीत थंडी चांगलीच होती. जानेवारीत जाणार असाल तर एक शाल टाकाच.

शनिवार

सातला चहा घेऊन वर गेलो. समुद्रावर अजून उजेड यायचा होता, पण वारा सुरू होता: पाठीमागून, डोंगराकडून समुद्राकडे जाणारा. शाळेत भूगोलात घोकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे रोज हजेरी लावतात. सकाळी मतलई, अकरा-बाराच्या सुमाराला सगळं थांबतं, आणि मग दुपारभर समुद्राकडून खारा. त्यामुळे इथला प्रत्येक होल दोन होल आहेत असं समजून चालावं.

पहिला होल सरळ पश्चिमेला, एकशेवीस पावलं, किंचित उतार. (सगळी अंतरं अण्णांच्या पावलांत. पाऊल साधारण यार्डाला लागून.) झेंडा समोर दिसतो, वारा पाठीशी, आणि मन म्हणतं थेट झेंड्यावर टाक. थेट टाकलेला चेंडू खळ्यावर आपटून पुढच्या उडवीत जातो, कारण सारवलेलं खळं चेंडू धरत नाही. खळ्याच्या अलीकडे वीसेक पावलांवर गवताच्या खुंटांचा एक पट्टा आहे. चेंडू तिथे पाडायचा. खुंट त्याचा वेग खातात आणि मग तो रांगत खळ्यावर चढतो. नवऱ्यानं नऊ नंबरनं मारलं, मी सात नंबरनं अर्धा स्विंग घेतला. दोघांनाही तीन.

दुसरा पार चार, दोनशे चाळीस पावलं, आणि डावीकडे शेवटपर्यंत गडगा, म्हणजे दगडी कुंपण. गडग्यापलीकडे अण्णांच्या चुलतभावाचं आवार. जमीन डावीकडे उतरती, त्यामुळे सरळ मारलेला चेंडूही हळूहळू गडग्याच्या दिशेनं जातो. नेम उजवीकडच्या एकट्या काजूवर धरायचा आणि उताराला त्याचं काम करू द्यायचं. गडग्यापलीकडे गेला तर आउट ऑफ बाउंड्स, म्हणजे हद्दीबाहेर: एक दंड, आणि आधीच्या जागेवरून परत. जाऊन आणता येतो का, असं नवऱ्यानं विचारलं. अण्णांचं आणि चुलतभावाचं बोलणं नाही. वाटणीच्या वेळी काहीतरी झालं, त्याला बरीच वर्षं झाली. पलीकडे गेलेले चेंडू तो शिमग्याला एका पिशवीत घालून गडग्यावर ठेवतो आणि निघून जातो. भाऊबंदकीतही काही रीत असते.

तिसरा आखूड, नव्वद पावलं, मधे करवंदीची जाळी. सरपटता फटका इथे चालत नाही. वेजनं उंच मारायचं आणि खळ्यामागचा मातीचा बांध गाठायचा, तो चेंडू परत आत ढकलतो. जास्त विचार करण्यासारखं काही नाही.

चौथा होल मात्र रात्री झोपेतही खेळला जातो. पार चार, दोनशे ऐंशी पावलं, कोर्सवरचा सगळ्यात लांब. टीपासून दीडशे पावलांवर जुनी चिरेखाण. चिरे काढून सोडून दिलेली, पुरुष-दीड पुरुष खोल, भिंती सरळ तासलेल्या, तळाला पावसाचं साठलेलं हिरवट पाणी. जांभा खाणीत मऊ असतो, कुऱ्हाडीनं तासता येतो, आणि हवा लागली की घट्ट होतो. खाणीच्या काठाला हवा लागून पिढी उलटली असेल. त्या काठावर चेंडू पडला तर कुठे उडेल याचा काही नेम नाही.

खाण रुंदीला चाळीस पावलं, पण उजवीकडे निमुळती होत संपते. म्हणजे दोन वाटा. एक, टीवरून एकशेनव्वद पावलं हवेतून मारून पलीकडे जायचं. मग खळं नव्वद पावलांवर. दुसरी, एकशेतीस पावलांवर उजवीकडे थांबायचं, तिथून खाणीच्या निमुळत्या टोकावरून दुसरा, आणि मग जवळचा छोटा फटका. अण्णांचा हिशेब असा: "वळसा घालेल त्याला पाच, कधी चार. उडी मारेल त्याला कधी तीन, बाकी सहा-सात." त्यांनी हे क्लबात साहेब लोकांना खेळताना बघून शिकलंय. त्यांच्या मते मोठा फटका मारणारा माणूस तो एकच फटका लक्षात ठेवतो, त्याच्या आधीचे पाण्यात गेलेले विसरतो.

मामांनी वुड काढला. वारा पाठीशी होता, फटका खरंच सुरेख लागला. चेंडू पलीकडच्या काठावर पडला, टण्ण आवाज झाला, सरळ उभा वर गेला आणि त्याच रेषेत खाली खाणीत. मामांनी दुसरा ठेवला. तोही गेला. तिसऱ्यांदा अण्णा मधे पडले, "कर्नलसाहेब, पाणी एप्रिलमध्ये आटतंय. तेव्हा मिळतील." मी वळशानं गेले आणि पाच लागले. नवऱ्याला चार, पण त्याचा दुसरा चेंडू गवताच्या उडवीला लागून खळ्यावर आला, तेव्हा त्यावर भाष्य नको.

पाचवा सपाट, एकशेचाळीस, समुद्राला समांतर, त्यामुळे वारा नेहमी आडवा. सकाळी डावीकडे नेम, संध्याकाळी उजवीकडे. सहावा कलमांच्या दोन रांगांमधून. मोहर आलेला, वासानं डोकं भारी होतं, आणि फांद्या गुडघ्यापासून सुरू. चेंडू पायाच्या मागच्या बाजूला ठेवून, सहा नंबरनं, कमरेपर्यंतच काठी नेऊन सरपटत मारायचं. मोहराला चेंडू लागला तर एक दंड. तो दंड परवडतो. त्यानंतर अण्णा ज्या नजरेनं बघतात ते परवडत नाही. फवारणीच्या दिवशी सहावा बंद असतो, आधी विचारून घ्या.

दहा वाजता कातळ तापायला लागला तसे खाली आलो. सात ते दहा आणि चार ते सूर्यास्त, एवढाच खेळायचा वेळ धरा. खिळ्यांचे गोल्फचे बूट अजिबात नकोत, कातळावर घसरतात. रबरी तळव्याचे साधे बूट उत्तम. चेंडू गुलाबी किंवा नारिंगी घ्या.

दुपारी तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं होतं. त्यानंतर कोणीही काहीही ठरवलं तरी झोपच येते.

सातवा होल मी मुद्दाम दुपारी खेळायला ठेवला होता. पार चार, दोनशे दहा पावलं, थेट समुद्राच्या दिशेनं, आणि खळ्यामागे दहा पावलांवर सडा संपतो. पुढे करवंदीनं भरलेला उतार, मग खडक, मग लाटा. सकाळी तिथून जाताना वारा पाठीवर घेऊन नवऱ्यानं एक चेंडू मारून पाहिला. तो खळ्यावर एकदा टेकला, दुसऱ्यांदा टेकलाच नाही. चार वाजता तोच होल समोरून वारा घेऊन खेळलो. अंतर वाढल्यासारखं वाटतं, काठी दोन नंबर मोठी, म्हणजे आकड्यानं लहान, लागते, आणि तरीही हा होल संध्याकाळीच सोपा. समोरचा वारा चेंडूला खळ्यावर बसवतो. घाबरायचं एवढंच की जोर लावायचा मोह होतो. जोरात मारलेला चेंडू फिरकी घेऊन वर चढतो आणि जागच्या जागी पडतो. मोठी काठी, नेहमीपेक्षा आखूड पकड, पाऊण स्विंग. मला इथे पार मिळाला. सकाळी खेळायची वेळ आलीच तर नऊ नंबरचे दोन फटके आणि मग पटर. खळ्याच्या मागे काहीही टाकायला जाऊ नका.

रविवार

रथसप्तमी. उठले तेव्हा काकूंनी खळ्यात रांगोळी काढून गोवऱ्या पेटवल्या होत्या. वर मातीच्या बोळक्यात दूध. सूर्य वर आला तसं दूध उतू गेलं, पूर्वेच्या बाजूनं गेलं म्हणून काकू खूश. सकाळचा खेळ नाही.

कशेळीला कनकादित्याचा उत्सव आजपासून. सूर्याची मंदिरं आपल्याकडे मुळात कमी, आणि हे तर जुनं. शिलाहार राजा दुसरा भोज याचा शके १११३ चा ताम्रपट इथला आहे. गर्दी होती, पण रांग शिस्तीत सरकत होती. देवळाबाहेर खाजं घेतलं, आलं-गुळाचं. गाडी बाहेरच्या बाजूला लावून चालत जावं, हे उत्सवात जाणाऱ्यांसाठी.

तिथूनच कशेळीच्या सड्यावरचं कातळशिल्प बघायला गेलो. एक प्रचंड हत्ती, साधारण अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद, आणि त्याच्या अंगात कोरलेले मासे, पक्षी, जनावरं. उभं राहिलं तर समजत नाही. एका कडेला जाऊन नजर खाली ठेवून चालत राहिलं की हळूहळू सोंड सापडते, मग पाय. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. रेषांवर पाय देऊ नका, पाणी ओतून फोटो काढू नका.

हे बघितल्यावर मला अण्णांच्या पाचव्या होलचं कोडं सुटलं. त्या होलच्या उजवीकडे चुन्याचे दगड आत घेतलेत आणि एक मोठा तुकडा कारण नसताना सोडलाय असं वाटतं. संध्याकाळी विचारलं. त्या तुकड्यावर दोन-तीन खोदलेल्या रेषा आहेत, एका बाजूला माशासारखं काहीतरी. "कसलं हाय ते कोणी जाणत्यानं सांगू दे. तोवर तिथनं खेळायचं नाय." चेंडू तिकडे गेला तर दंड नाही, उचलून बाहेर टाकायचा. गुडघ्याच्या उंचीवरून, हेही नव्या नियमाप्रमाणे.

संध्याकाळी आठवा होल. सत्तर पावलं, लहान मूलही पोचेल, आणि तरी या कोर्सवर सगळ्यात जास्त फटके इथेच जातात. खळं डावीकडे कललेलं आणि ताजं सारवलेलं. मी चार फुटांवरून मारलेला पट, म्हणजे पटरचा फटका, होलपाशी येऊन अचानक उजवीकडे वळला, म्हणजे चढाच्या बाजूला. परत मारला, परत तसाच. मामा म्हणाले, माझा पटर वाकडा आहे.

काकू शेणाची पाटी घेऊन कडेला उभ्या होत्या. त्यांनी पाटी ठेवली. "बाय, हात बघ की." मी माझा हात बघितला. "तुझा नव्हं. माझा."

मग त्यांनी दाखवलं. सारवताना उकिडवं बसून मागे मागे सरकत जायचं. उजव्या हाताचा पंजा डावीकडून उजवीकडे अर्धगोल फिरतो, आणि प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी जिथे बोटं उचलली जातात तिथे शेणाची अगदी बारीक कड राहते. वाळली की डोळ्याला दिसत नाही. खाली वाकून, सूर्याकडे तोंड करून बघितलं की सगळ्या खळ्यावर पंख्यासारख्या चकत्या दिसतात. चेंडू हाताच्या दिशेनं जात असेल तर सुसाट जातो, उलटा जात असेल तर अडखळतो, आणि आडवा जात असेल तर शेवटी वेग मेल्यावर चकतीच्या वळणानं वळतो. मोठ्या कोर्सवर गवताचा कल बघतात तसं इथे काकूंच्या हाताचा कल बघायचा. एकदा हे कळलं की आठव्यावर उतार अर्धाच धरायचा.

काकूंनी माझ्या हातातला पटर घेतला, पदर खोचला आणि पाच-सहा पावलांवरून एका फटक्यात चेंडू पाइपात. मामांनी टाळ्या वाजवल्या. "खेळ ह्यांचा, सारवण माझं," काकू म्हणाल्या, आणि पाटी उचलून नवव्याकडे गेल्या. नऊ खळी, दर आठ-दहा दिवसांनी, त्या आणि त्यांची सून. अण्णा चेंडू कसा पाडायचा यावर तासभर बोलतात, पण हा विषय त्यांच्या तोंडून आला नव्हता. मी जेवताना काढला. अण्णा म्हणाले, "शेण मी आणून देतो." सून हसली, काकू नाही.

सोमवार

सकाळी वाडीच्या शाळेत झेंडावंदन. मामांना पुढे खुर्ची, मुलांची कवायत, मग लाडू. तिथून येऊन साडेआठला सामना. काकू खेळणार असं मी आदल्या रात्रीच जाहीर केलं होतं: खळ्यापर्यंत मी, खळ्यावर काकू. समोर मामा आणि नवरा, आळीपाळीनं एकाच चेंडूवर. मोजणी पॉइंटांची, पारला दोन, एक जास्त लागला तर एक, एक कमी लागला तर तीन, दोन किंवा जास्त वाढले तर शून्य. डॉक्टर स्टेबलफोर्ड यांनी ही पद्धत काढली आणि १९३२ साली इंग्लंडमधल्या वॉलसीला तिची स्पर्धा झाली. माझ्यासारख्यांसाठी वरदानच आहे, एका होलवर वाट लागली तरी पुढचा होल नवा.

तपशील सगळा देत नाही. चौथ्यावर मामांची पाळी टीवर आली. अण्णांनी खाणीकडे बघितलं, मामांनी वुडकडे बघितलं, आणि नवऱ्यानं न बोलता त्यांच्या हातात सात नंबर दिलं. त्यांना चार लागले. सातव्यावर मतलई वारा जोरात होता, मी तीन छोटे फटके मारून खळ्यावर पोचले आणि काकूंनी एकात घातला. आठव्यावर तर काय, घरचंच मैदान.

नववा होल सड्याच्या कडेवरून खाली, एकशेवीस पावलं, पण उतार एवढा की नव्वदचा फटका पुरतो. खळं घराच्या मागच्या परसात आहे, त्याच्या पलीकडे लगेच घराची कौलं. नियम: कौल फुटलं तर दोन दंड आणि कौलाची किंमत. इथे खळ्याच्या अलीकडे, उजव्या हाताला, मातीचा उंचवटा आहे. चेंडू तिथे पाडला की तो डावीकडे घरंगळत खाली येतो. झेंडा विसरायचा आणि उंचवटा बघायचा. वेजनं, आखूड. आम्ही एका पॉइंटानं पुढे होतो, मी उंचवट्यावर टाकला, चेंडू खळ्याच्या कडेला येऊन थांबला.

मामांनी झेंड्यावर टाकला. चेंडू कौलावर वाजला, एक उडी, दुसरी उडी, कौल शाबूत, आणि पत्र्याच्या पन्हळीत जाऊन बसला. अण्णांचा निकाल: घर कोर्सच्या बाहेर, सबब आउट ऑफ बाउंड्स, परत मारा. मामांचं म्हणणं: घराच्या बाजूला चुन्याचे दगड कुठेत? दगड नाहीत तर हद्द नाही, आणि हद्द नाही तर घर हा न हलणारा अडथळा, म्हणजे दंडाशिवाय ड्रॉप, चेंडू उचलून बाजूला टाकायचा. हे ऐकून अण्णा पहिल्यांदाच विचारात पडले. दगड खरंच नव्हते. नातू शिडी आणायला धावला, काकूंनी त्याला अडवलं; शिडीवर मिरच्यांची परडी होती. तोवर काकूंचा पट पाइपात गेला होता, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

वाद जेवायला बसल्यावरही चालू राहिला. सोलकढी दोनदा फिरली. शेवटी अण्णांनी मान्य केलं की दगड लावायला हवेत, आणि मामांनी मान्य केलं की ते लागेपर्यंत निकाल राखून ठेवावा. काकूंनी मला बाजूला बोलावून सांगितलं की आपण जिंकलो, ह्यांना बसू दे.

परतीचं थोडं व्यवहाराचं. अण्णा खेळायचे पैसे घेत नाहीत, जेवणाखाण्याचे घेतात. ते काकूंच्या हातात द्या. जुने चेंडू पिशवीभर न्या, तेवढी भेट पुरे. रोख रत्नागिरीतच काढून घ्या. फोनला सड्यावर रेंज येते, घरात नाही. रात्रीची गाडी असेल तर उत्सवाच्या दिवसांत वाडीतून दुपारी चारलाच निघा, कशेळीजवळ गाड्यांची रांग लागते. आम्ही तिथे पाऊण तास उभे होतो, आणि मामांना स्थिर अडथळ्याचा नियम पहिल्यापासून सांगायला तेवढा वेळ पुरला.